करवलीचा फोटो

यमुनाला मार्थाचा राग यायचा, असं म्हटलं तर मार्थावर अन्याय होईल. राग यावा असं त्या बाईने कधी काही केलंच नव्हतं. केलं ते सगळं चांगलंच केलं, आणि यमुनाचं दुखणं नेमकं तिथेच होतं.

भुईगावच्या वाडीतून यमुनाची लेक उन्नती संध्याकाळी एव्हरशाईनच्या फ्लॅटवर परत यायची तेव्हा तिच्या हातात हमखास एक डबा असायचा. कधी सांदणं, कधी मैद्याचे तळलेले फुगे, कधी नुसती वाडीतली वेलची केळी. "मार्था आंटीने दिलंय," म्हणत ती डबा ओट्यावर ठेवायची आणि चपला काढायच्या आधी झाकण उघडायची. यमुना मूळची देवगडकडची. सांदणं म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायला नको होतं. दर मे महिन्यात गावाहून फणस यायचा आणि ती लेकीला फणसाच्या रसातली पिवळीधमक सांदणं करून घालायची. तरी लेक बोटं चाटत म्हणायची, "मम्मी, तू यांची रेसिपी घे ना. कसली सॉफ्ट होतात!"

"घेईन हं," यमुना म्हणायची. आणि डबा घासून, पुसून, कोरडा करून रिकामाच परत पाठवायची. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालावी, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांच्या वाट्या ती भरूनच परत द्यायची. भुईगावचा डबा तेवढा रिकामा जायचा.

उन्नती आणि मार्थाची प्रीतल पाचवीपासून एका बाकावर. आता दोघी माणिकपूरच्या कॉलेजात अकरावीला होत्या, तिथेही एकाच बाकावर. मुलींची मैत्री यमुनाला खुपत नव्हती. मैत्रिणी असाव्यात, जन्मभर पुरतात. पण मैत्रीण करता करता मुलीने दुसरी आईच करून घ्यावी, हा कुठला न्याय?

उन्नतीच्या दहावीसाठी यमुनाने अंधेरीच्या विमा कंपनीतली चांगली नोकरी सोडली होती. मुलीजवळ राहायचं, तिला वेळेवर खायला द्यायचं, तिचं मन सांभाळायचं. आणि नेमकी त्याच वर्षी मुलगी अभ्यासाला भुईगावला जायला लागली. का, तर "तिकडे शांत वाटतं." आता ह्याला काय म्हणायचं? फ्लॅटमध्ये एकटी आई, तीही पाय न वाजवता चहा आणून ठेवणारी, आणि तिकडे कोंबड्या, विहिरीवरचा पंप आणि शंभर पावलांवरून ऐकू येणारा मार्थाचा आवाज. तरी शांत तिकडे वाटतं!

बरं, तेही यमुनाने गिळलं असतं. पण एकदा माणिकपूरच्या बाजारात मार्था भेटली. भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत ती सहज म्हणाली, "उन्नतीला त्या मॅथ्सचं लय टेन्शन आलंय ना? परवा रडत होती. मी म्हटलं, रड बाय, मोकळी हो." यमुनाने हसून मान डोलावली, जणू तिला सगळं माहीतच होतं. घरी येईपर्यंत तिने कोथिंबिरीची जुडी मुठीत चुरगाळून टाकली होती. आपली मुलगी रडली आणि ते आपल्याला भाजीबाजारात कळलं.

नवऱ्याला, भूपेशला, सांगून काही उपयोग नव्हता. तो म्हणाला, "चांगलं आहे की. कोणाकडे तरी बोलते." पुरुषांना ह्यातलं काही कळत नाही, असं यमुनाचं मत होतं, आणि ह्या बाबतीत तरी ते चुकीचं नव्हतं.

नाताळ उरकला की भुईगावात लग्नांचा हंगाम सुरू होतो. त्या वर्षी मार्थाच्या दिराच्या मुलाचं, जोएलचं लग्न निघालं. उन्नतीला आमंत्रण होतंच. यमुनाने हौसेने तिच्यासाठी घागरा आणला. आमसुली रंगाचा, काठाला बारीक जर. दुकानात तिने तो स्वतःच्या अंगाला लावून आरशात पाहिला होता आणि उन्नती त्यात कशी दिसेल ते मनात रंगवत ती रिक्षातून एकटीच हसत आली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी उन्नती भुईगावहून एक झगा घेऊन आली. मोतिया रंगाचा, साटीनचा, कमरेला पट्टा.

"हा कुठला?"

"मार्था आंटीने शिवला. त्यांच्यात ना मम्मी, लग्नाला घरच्या सगळ्या पोरींचे झगे एकाच ताग्यातले असतात. प्रीतल मेन करवली आहे, तिचा लांब आहे. माझा गुडघ्यापर्यंत. बघ ना, काय फिटिंग आहे!"

"आणि तो घागरा?"

"अगं, तो दुसऱ्या कुठल्यातरी लग्नाला घालेन ना."

घरच्या पोरी. हे दोन शब्द यमुनाच्या कानात जाऊन बसले ते उठेचनात. आमसुली घागरा कपाटात हँगरला लटकला होता, त्याच्याकडे बघून तिला घागऱ्याचीच दया आली.

लग्नाच्या दिवशी दुपारी उन्नतीने तिला व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले. पहिल्यात मार्था मधे, तिच्या एका काखोटीला प्रीतल आणि दुसऱ्या काखोटीला उन्नती, तिघी तोंड उघडून हसताहेत. उन्नतीला इतकं हसताना कधी पाहिलं होतं, हे यमुनाला आठवेना. दुसरा फोटो मांडवाच्या दारातला. प्रीतल लांब झग्यात, हातात फुलांचा गुच्छ, केसांत पांढरी फुलं. शेजारी नवऱ्या मुलाचा करवला ग्लेन, कोट घालून, छातीवर फूल खोचून.

"अगं बाई, हीच नवरी का?" यमुनाने लिहिलं.

"नाही गं मम्मी! करवली! झगा मोतिया आहे, उन्हात पांढरा दिसतोय," लेकीने पुढे हसणारे चार चेहरे टाकले. "हा मी काढलाय. भारी आलाय ना? कोणाला दाखवू नको हां. प्रीतलच्या वाढदिवसाला फ्रेम करून देणारे."

यमुनाने अंगठा टाकला. तिच्या मनात आलं, माझ्या वाढदिवसाला काय दिलं होतं? कार्ड. बाजारातलं.

आता थोडं त्या पेजबद्दल. माणिकपूरच्या मुलांमध्ये इन्स्टाग्रामवर एक पेज चालायचं, 'माणिकपूर मिर्ची' नावाचं. ते कोण चालवतं कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणीही त्यावर कोणाहीबद्दल काहीही पाठवावं, नाव न सांगता, आणि पेजवाल्याने ते तिखटमीठ लावून टाकावं, असा तो धंदा. कोणाचं कोणाशी जुळलं, कोण कॉपी करताना सापडला, कोणाच्या बापाने कोणाला कुठे पाहिलं. दोनतीन मुलं त्यापायी कॉलेजला यायची बंद झाली, तेव्हा उपप्राचार्या लूर्डस मॅडमनी पालक-शिक्षक संघाची बैठक घेतली. यमुना संघाची उत्साही सदस्य. नोकरी सोडलेल्या बाईला कुठेतरी मॅडम म्हणवून घ्यायचं असतंच.

बैठकीत संगणकाच्या सरांनी पडद्यावर सगळं उलगडून दाखवलं. "बघा, ही लिंक. इथे फोटो टाकायचा, इथे मजकूर. नाव नको, नंबर नको. इतकं सोपं आहे म्हणून तर मुलं करतात." पालकांनी चुकचुक केली. सगळ्यात मोठ्याने यमुनाने केली. मग तिनेच सुचवलं की सगळ्या पालकांची एक सभा घ्यावी, 'निनावी बदनामीपासून मुलांना वाचवू या' असा विषय ठेवावा. लूर्डस मॅडम खूश झाल्या. "यमुनाताई, मग तुम्हीच बोला," त्या म्हणाल्या.

लग्नानंतरच्या आठवड्यात एका दुपारी यमुना त्या भाषणाचीच तयारी करत बसली होती. उन्नती कॉलेजातून परस्पर भुईगावला गेली होती. उदाहरणं हवीत म्हणून यमुनाने ते पेज उघडलं. वाचता वाचता तिचं बोट त्या लिंकवर गेलं. सरांनी दाखवलेलं सगळं तिला बरोब्बर आठवत होतं.

तिने ठरवून केलं, असं ती पुढे कधीच म्हणाली नाही. पण हात आपोआप चालला, असंही नाही. फोटो तिने नीट कापला, बाजूचे पाहुणे काढून टाकले, फक्त गुच्छ घेतलेली प्रीतल आणि कोटवाला ग्लेन ठेवले. मग लिहिलं: "अकरावीतली मुलगी, गुपचूप लग्न उरकलं, कॉलेजला पत्ता नाही. घरच्यांनीच लावून दिलं म्हणे." शेवटचं वाक्य मार्थासाठी होतं. दोन दिवस बोभाटा होईल, मग भुईगावची मुलंच सांगतील की अरे ही करवली आहे, आणि सगळे हसून सोडून देतील, अशी तिने मनाची समजूत घातली. दोन दिवस उन्नती त्या घरी जायला जरा बिचकली, तर बिघडलं कुठे? एवढंच तिला हवं होतं. एवढंच.

पेजवाल्याने त्यावर लाल अक्षरांत "शादी मुबारक दीदी" लिहिलं आणि सोडलं.

भुईगावच्या मुलांनी खरंच सांगितलं की ही करवली आहे. ऐकतो कोण! नव्या टॉवरांत राहणाऱ्यांना भुईगावच्या लग्नातलं काय कळणार? गुच्छ दिसला, कोट दिसला, संपलं. संध्याकाळपर्यंत त्या फोटोखाली अशा गोष्टी लिहिल्या गेल्या की यमुनाने त्या अर्ध्यावर वाचून फोन पालथा ठेवला. परीक्षेला बाळ घेऊन येणार का, असं एकाने विचारलं होतं. ते तिथलं सगळ्यात सभ्य होतं.

चौथ्या दिवशी कोणीतरी बालविवाह झाला म्हणून तक्रार केली. चौकशीला दोन सरकारी बायका आणि एक हवालदार जीप घेऊन भुईगावात मार्थाच्या अंगणात आले. खऱ्या नवरानवरीला, जोएलला आणि त्याच्या बायकोला, वाडीतून बोलावून आणावं लागलं, अल्बम काढून दाखवावा लागला, चर्चमधला दाखला दाखवावा लागला. बायका भल्या होत्या, माफी मागून गेल्या. पण जीप यायची ती आली होती, आणि गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांनी ती पाहिली होती. त्या दिवसापासून प्रीतल घराबाहेर पडली नाही. तिने फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला.

हे सगळं यमुनाला कळलं ते उन्नतीकडून. कारण उन्नती आता घरी होती. रोज, कॉलेज सुटल्यावर थेट घरी. यमुनाने गरम पोळ्या केल्या, थालीपीठं केली, हिवाळ्यात मिळत नाही तरी कुठूनतरी फणसाचा डबाबंद रस आणून सांदणंही केली. उन्नती ताटात बघत बसायची. "छान झालीत," म्हणायची आणि अर्धं ठेवून उठायची. हवी होती ती मुलगी घरात होती आणि घर पूर्वीपेक्षा रिकामं वाटत होतं.

"तू प्रीतलकडे जाऊन आलीस का?" यमुनाने एकदा विचारलं. विचारताना तिला स्वतःच्या आवाजातला गोडवा ऐकू आला.

"गेले होते. तिने दार नाही उघडलं." उन्नती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मम्मी, तो फोटो तू कोणाला फॉरवर्ड केला होतास का?"

"कुठला?"

"मांडवातला. प्रीतलचा."

"छे गं. मी कशाला करीन?"

उन्नतीने तिच्याकडे पाहिलं. नीट, थोडा वेळ पाहिलं. मग "बरं," म्हणाली आणि खोलीत गेली. तिला पटलं, असं यमुनाने धरून चाललं. माणसाला जे सोयीचं असतं ते धरून चालायला फार हुशारी लागत नाही.

तो फोटो कोणी काढला आणि कोणाच्या फोनमध्ये होता, हे प्रीतलला पक्कं ठाऊक असणार. ती त्याच्यासाठी उभी राहिली होती. एवढी साधी गोष्ट यमुनाच्या डोक्यात आली नव्हती. फोटो कापताना तिच्या डोळ्यांसमोर फक्त मार्था होती. आपण कापतोय ते आपल्याच मुलीचं आहे, हे तिला दिसलंच नाही.

सभेचा दिवस उजाडला. कॉलेजच्या हॉलवर फलक लागला, खुर्च्या मांडल्या गेल्या. यमुना निळी साडी नेसून, भाषणाचे कागद पर्समध्ये घालून वेळेआधी पोचली. लूर्डस मॅडमच्या केबिनमध्ये शिरली तर आत मार्था उभी. शेजारी प्रीतल, ओढणी कपाळापर्यंत ओढलेली, इतकी वाळलेली की यमुनाने क्षणभर तिला ओळखलंच नाही. कोपऱ्यात उन्नती.

"मॅडम, दाखला द्या," मार्था सांगत होती. तिचा तो लांबवर जाणारा आवाज आज खोलीतल्या खोलीतही पुरत नव्हता. "पोरगी नाय यायची आता. तिच्या मावशीकडे नाशिकला ठेवते. इथं नको."

"मार्थाबाई, बसा तरी. आज सभा त्याच्यावरच आहे. यमुनाताई बोलणार आहेत."

"सभेने काय होनार? कोनी केलं ते सांगा मला. आमच्या दारात पोलिस आनला कोनी?"

तेव्हा प्रीतल बोलली, जमिनीकडे बघत. "मला माहितीये कोणी केलं. तो फोटो हिने काढलेला. दुसऱ्या कोणाकडे नव्हताच."

  यमुनाने उन्नतीकडे पाहिलं. आता ही म्हणणार, मी फक्त मम्मीला पाठवला होता. आता म्हणणार.

"हो," उन्नती म्हणाली. "मीच पाठवला."

"का गं?" प्रीतलचा आवाज फाटला.

"राग आला होता. सगळे तुझंच कौतुक करतात." असं म्हणताना उन्नतीने डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली.

ती पाळी यमुनाच्या ओळखीची होती. तीन वर्षांची असताना चोरून साखर खाऊन "मी नाही खाल्ली" म्हणाली होती, तेव्हापासूनची. उन्नती खोटं बोलायला लागली की तिचा हात तिथे जायचा. मार्थाला हे माहीत नव्हतं. मार्थाने ऐकलं आणि तिला ते खरं वाटलं. ती उन्नतीजवळ गेली, तिचा हात वर झाला, आणि तसाच खाली आला.

"मी तुला घरच्या पोरींत धरलं गं," ती म्हणाली.

आणि यमुनाला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. लाज वाटावी असा, पण आनंदच. मुलीने निवड केली होती. मार्था नाही, प्रीतल नाही, झगा नाही, सांदणं नाही. आईला वाचवायला तिने ते सगळं एका वाक्यात देऊन टाकलं होतं. आणि ही बाई, जिला माझ्या मुलीचं सगळं सगळं ठाऊक असतं, तिला ती पाळी दिसली नाही! कितीतरी महिने यमुना ज्या घटकेची वाट बघत होती ती ही होती. तिला वाटलं, एवढ्यावर सगळं थांबावं.

थांबलं नाही. लूर्डस मॅडमनी चष्मा काढला. "उन्नती, हे फार गंभीर आहे. तुला इथे ठेवता येणार नाही. पोलिसांनाही लिहून द्यावं लागेल. यमुनाताई, मला फार वाईट वाटतंय, विशेषतः तुमच्यासाठी."

विशेषतः तुमच्यासाठी. उन्नतीने अजून पाळी सोडली नव्हती, पार लाल झाली होती ती. तिने आईकडे एकदाही बघितलं नव्हतं. आता यमुनाला कळलं की मुलगी त्या संध्याकाळपासूनच सगळं जाणून होती. खिडकीशी "बरं" म्हणाली तेव्हापासून. इतके दिवस एकाच टेबलावर बसून, तिच्या हातची सांदणं पुढ्यात घेऊन, "छान झालीत" म्हणत. यमुना कान धरायला विसरली होती, पण खोटं तिचंही पकडलं गेलं होतं. तिची मुलगीही तिला तितकीच ओळखत होती.

शिपाई दारातून डोकावला. "मॅडम, हॉल भरलाय. सगळे थांबलेत."

"उन्नती, कान सोड," यमुना म्हणाली. मग लूर्डस मॅडमकडे वळली. "तिने नाही पाठवला. मी पाठवला."

"यमुनाताई, आई म्हणून तुम्ही..."

"आई म्हणून नाही. माझ्याच फोनवरून पाठवलाय, दुपारी, घरी बसून. त्या सरांनी दाखवलं होतं ना, लिंक कशी असते? तसाच." तिने फोन टेबलावर ठेवला. "कापलेला फोटो अजून आत आहे."

मार्था तिच्याकडे बघत राहिली. यमुनाला वाटलं आता ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

"डबा रिकामा यायचा ना," मार्था अखेर म्हणाली, "तेव्हाच मला समजायला पायजे होतं."

लूर्डस मॅडमनी दार लोटून घेतलं. "हे आपण इथल्या इथे..."

"नाय," मार्था म्हणाली. आता तिला तिचा आवाज सापडला होता. "माझ्या पोरीचं गावभर केलं, नि हे केबिनात मिटवता? हॉल भरलाय ना? ह्यांचंच भाषन हाय ना? तिथं सांगू दे ह्यांना."

यमुनाने तिथे सांगितलं. भाषणाचे कागद पर्समध्येच राहिले. माईक हातात घेतल्यावर ती म्हणाली की मुलांना निनावी बदनामीपासून वाचवायचं कसं ते तुम्हाला सभेला आलेल्या पोलिसांच्या मॅडम सांगतील. मी फक्त एक सांगते, 'माणिकपूर मिर्ची'वरचा तो लग्नाचा फोटो मी टाकलाय, ती मुलगी करवली होती, आणि मला ते माहीत होतं. का, असं पहिल्या रांगेतल्या कोणीतरी विचारलं.  "जळफळाट," यमुना म्हणाली. "तिच्या आईवर." हॉलमध्ये कुजबुज उठली, कोणीतरी मोबाईल वर धरून रेकॉर्ड करायला लागलं. करू दे, तिने मनात म्हटलं. संध्याकाळपर्यंत आपण पेजवर असू. तिथे काय काय लिहितात ते तिने वाचलेलं होतंच.

बाहेर आली तेव्हा गेटाशी मार्थाने रिक्षा थांबवली होती. प्रीतल आत बसली होती. ओढणी डोक्यावरून खाली आली होती, पण ती कोणाशी बोलत नव्हती. उन्नती रिक्षा आणि आईची स्कूटर यांच्या मधोमध उभी होती.

"येतेस?" मार्थाने विचारलं. उन्नतीला विचारलं, यमुनाकडे न बघता.

 प्रीतल सरकून आत झाली, आणि सीटवर एक जागा रिकामी राहिली.

उन्नती आईपाशी आली. यमुनाच्या जिभेवर "नको जाऊस" आलं होतं. एवढं सगळं होऊनही आलं होतं, काय करणार.

"जा," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "स्वतःवर का घेतलंस गं? तिला सांगायचंस ना, मम्मीला पाठवला होता म्हणून."

उन्नतीने तिच्याकडे पाहिलं. रडली नव्हती, पण फार दमलेली दिसत होती.

"तो फोटो मी मार्था आंटीला पण दाखवला नव्हता, मम्मी," ती म्हणाली. "फक्त तुला दाखवला होता."

ती रिक्षात बसली. मार्था दोघींना मागे सोडून पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी कशीबशी टेकली आणि निघताना मान बाहेर काढून ओरडली, सगळ्या माणिकपूरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "जेवून रात्री सोडते तिला घरी!" यमुनाने मान हलवली. मग स्कूटरची किल्ली शोधायला तिने पर्स उघडली, तर हाताला ते भाषणाचे कागदच लागत राहिले.